गोठलेले भाडे आणि विकत मिळणारी उंची

मुंबईतील सदनिकेच्या किमतीत विटा, सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांच्यापेक्षा जमिनीचे मोल आणि शासनाकडे व महापालिकेकडे भरावयाच्या रकमा यांचाच भार बहुतेक भागांत अधिक असतो, आणि जमिनीचे मोलदेखील तिच्यावर किती बांधू दिले जाते यावर, म्हणजे पुन्हा नियमावरच, अवलंबून असते. त्यामुळे या शहरातील घरटंचाईचा इतिहास हा बऱ्याच अंशी कायद्यांचा आणि करांचा इतिहास आहे. यांतील जवळजवळ प्रत्येक कायदा कोणा गरजूच्या संरक्षणासाठी झाला, हे आरंभीच मान्य करायला हवे. वाद हेतूचा नाही. त्या संरक्षणाचा खर्च कायद्याने कोणावर टाकला, त्याला तो पेलवला का, आणि न पेलल्यास त्याने तो पुढे कोणाच्या माथी मारला, याचा माग काढत गेले की मोडकळीस आलेल्या चाळी, त्यांच्या शेजारचे टॉवर आणि कुलूप लावून ठेवलेले फ्लॅट यांची एकमेकांशी संगती लागते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या तेजीत होत्या, कामगार शहरात येत होते आणि खोल्यांची भाडी भडकत होती. तेव्हाच्या सरकारने दोन निरनिराळे मार्ग चोखाळले. १९१८ मध्ये भाड्यावर युद्धकालीन निर्बंध घालणारा कायदा झाला आणि १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते स्थापन झाले, ज्याच्या चाळी आजही बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. या खात्याच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया नगरशुल्क बसवण्यात आले. ज्या धंद्याने माणसे शहरात ओढून आणली, त्या धंद्याने त्यांच्या निवाऱ्याचा काही भार उचलावा, असा या कराचा अर्थ होता, आणि तो न्याय्यच म्हटला पाहिजे. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून दोनशे सात इमारती आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. त्या खोल्या कोंदट होत्या आणि पहिली काही वर्षे त्यांतील अनेक रिकाम्याही राहिल्या. तरीही कराचा पैसा नव्या खोल्या बांधण्याकडे वळवण्याचा हा एक मोठा प्रयत्न होता. पुढील काळात शासनाचा भर मात्र दुसऱ्या मार्गावर, म्हणजे असलेल्या खोल्यांचे भाडे रोखून धरण्यावर राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे भाडेनिर्बंध स्वातंत्र्याच्या वर्षी एकत्र करून मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ हा कायदा करण्यात आला. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना घरमालकांना मोकाट सोडणे कोणत्याही जबाबदार सरकारला शक्य नव्हते, आणि कायद्याची मुदतही आरंभी मर्यादित होती. ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि तात्पुरता कायदा अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. त्याचा गाभा 'प्रमाण भाडे' या संकल्पनेत होता. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, किंवा जागा त्यानंतर प्रथम भाड्याने दिली गेली तेव्हा जे ठरले, तेच तिचे प्रमाण भाडे. महापालिकेचे कर वाढले तर तेवढी वाढ, काही सुधारणा केल्यास तिच्यापोटी थोडी वाढ, याखेरीज महागाईचा त्या आकड्याशी संबंध उरला नाही. भाडेकरू भाडे देत राहील तोवर त्याला सहजासहजी काढता येत नव्हते, आणि त्याच्या पश्चात सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळत होता.

या गोठवणुकीचे परिणाम लगेच दिसले नाहीत, कारण इमारत एका वर्षात जुनी होत नाही. लाकडी तुळया, जिने, सज्जे आणि कौले यांची तीन मजली चाळ दर पावसाळ्यापूर्वी पैसे मागते: गच्चीचे डांबरीकरण, गळक्या पन्हळी, भिंतीत मुरणारे पाणी, सामाईक संडासांचे नळ. १९४० च्या भाड्यात १९४० चा गवंडी परवडत होता. १९६० चा परवडेना. मालकाने मग व्यवहाराला धरून तेच केले जे कोणीही केले असते, त्याने दुरुस्ती थांबवली. भाडेकरूलाही ती करावीशी वाटेना, कारण इमारत त्याची नव्हती. पुढे तुळयांना लाकडी टेकू लागले, टेकूंच्या जागी लोखंडी खांब आले, आणि गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, डोंगरी, लालबाग येथील असंख्य घरांत स्वयंपाकघराच्या मधोमध असा खांब घेऊन संसार चालू राहिले. भाडेकरूला कायद्याने दिलेले संरक्षण खोटे नव्हते. गिरणीच्या पगारावर दादर-परळला राहता येणे ही त्या कुटुंबांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती, आणि मराठी कामगारवर्ग शहराच्या मध्यभागी टिकला तो पुष्कळसा या कायद्यामुळेच. परंतु त्या संरक्षणाची किंमत इमारतीच्या लाकडातून आणि चुन्यातून वसूल होत होती.

महापालिकेनेही आपला हिस्सा यात नकळत गमावला. मालमत्ता कर त्या काळी 'करपात्र मूल्यावर', म्हणजे जागेपासून वर्षाकाठी मिळू शकणाऱ्या वाजवी भाड्यावर आकारला जात असे, आणि भाडेच कायद्याने बांधलेले असल्यामुळे कराचा पायाही त्याच्याबरोबर गोठला. दक्षिण मुंबईतील मोक्याच्या जागेचा कर उपनगरातील नव्या, साध्या इमारतीपेक्षा कमी, असा प्रकार सर्रास घडला. ही विसंगती दूर करण्यासाठी पालिकेने १ एप्रिल २०१० पासून बाजारमूल्याशी जोडलेली 'भांडवली मूल्य' पद्धत लागू केली. याचा अर्थ असा की भाडेगोठवणुकीचा घाव पालिकेच्या तिजोरीवर साठ वर्षे पडत राहिला आणि ती उणीव पालिकेला जकातीसारख्या इतर मार्गांनी भरून काढावी लागली.

कायद्याने दाबलेली किंमत पागडीच्या रूपाने वर आली. नव्या भाडेकरूने खोलीत शिरताना एकरकमी द्यायची आणि जुन्याने सोडताना मालकाबरोबर वाटून घ्यायची ही रक्कम १९४७ च्या कायद्याने गुन्हा ठरवली होती, तरी मासिक भाडे नाममात्र आणि पागडी बाजारभावाच्या जवळपास, अशीच रीत शहरभर रूढ झाली. मालकाचा हिस्सा साधारण एकतृतीयांश हेही सर्वांना ठाऊक असे. ज्याच्यापाशी पागडीचे पैसे नव्हते त्याला स्वस्त भाड्याची खोली कधीच मिळाली नाही. आधीच आत असलेल्याला कायद्याने सांभाळले आणि उशिरा आलेल्याला झोपडपट्टीकडे पाठवले, हा या कायद्याचा सर्वांत कठोर परिणाम आहे, आणि कायद्याच्या समर्थकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

निर्बंध केवळ घरांना नव्हते. दुकाने, कचेऱ्या, गोदामे यांनाही तोच कायदा लागू असल्यामुळे फोर्टमधील बँका आणि कंपन्या गोठलेल्या जुन्या दराने बसून राहिल्या, तर नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला पागडी मोजावी लागली. जुन्या व्यापाऱ्याला मिळालेली ही सवलत प्रत्यक्षात नव्या स्पर्धकावरचा करच होता, फक्त तो सरकारजमा होत नव्हता. ही बाब अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये दुरुस्त झाली. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या या कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भागभांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले, प्रमाण भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करू दिली आणि पागडीही कायदेशीर मानली. त्याआधी डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाडे कायमचे गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे स्पष्ट सांगितले होते, त्यामुळे विधिमंडळाला पाऊल उचलणे भागच होते. तथापि चार टक्के वाढ लावायची ती १९४० च्या आकड्यावर, आणि पन्नास रुपयांवर चार टक्के म्हणजे दोन रुपये. इतक्याने कोणतीही तुळई बदलता येत नाही.

इमारती कोसळू लागल्यावर शासनाने भाडे सोडवण्याऐवजी आणखी एक कर बसवला. बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि मुंबई बेटावरील, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या, जुन्या खासगी भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर लागू झाला. या इमारतींना तेव्हापासून 'उपकरप्राप्त' म्हणतात. आरंभी त्यांची संख्या १९,६४२ होती आणि त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. दुरुस्तीची जबाबदारी अशा रीतीने मालकाकडून मंडळाकडे, आणि पुढे म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे, आली. पण उपकराचे उत्पन्न आणि दर चौरस मीटरमागे खर्चाची ठरलेली मर्यादा यांतून इमारत उभी ठेवण्यापुरती डागडुजी होई, पुनर्बांधणी क्वचितच. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजार परिसरातील हुसैनी इमारत पडून ३३ जण दगावले. अशा घटनेनंतर मालक, रहिवासी, म्हाडा आणि पालिका यांच्यात जबाबदारीचा जो घोळ होतो, तो या व्यवस्थेत मुळातच आहे: मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा, दुरुस्ती तिसऱ्याची आणि परवानगी चौथ्याची.

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात एक नवे प्रकरण घालून असे ठरवण्यात आले की सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास शासनाने इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यावी, आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला मिळावा. भाडेच गोठलेले असल्याने त्याच्या शंभर पट म्हणजे किती, हे सांगायला नको. मालकांच्या संघटनेने याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठापर्यंत पोहोचले आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय झाला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख) मधील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. मुंबईतल्या चाळींच्या भाडेपावतीतून निघालेल्या वादाने देशाच्या मालमत्तेसंबंधीच्या एका मूलभूत प्रश्नाचा निकाल लावला.

भाडेकायद्याचा धसका घेतलेल्या बांधकाम व्यावसायिकांनी भाड्यासाठी घरे बांधणे जवळजवळ सोडून दिले. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षी १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाल्यावर उरलासुरला विश्वासही गेला, आणि अकरा महिन्यांचा अनुमती व परवाना करार, जो बोलीभाषेत लिव्ह अँड लायसन्स म्हणून ओळखला जातो, तोच भाड्याने राहण्याचा एकमेव सुरक्षित प्रकार ठरला. १९९९ च्या कायद्याने अशा करारात मुदत संपताच जागा परत मिळवण्याची सोय केली असली तरी रिकामी जागा सांभाळणे बरे, ही मालकांची सावध वृत्ती पुरती गेलेली नाही. मालकीच्या सदनिका, सहकारी गृहनिर्माण संस्था आणि त्यांच्यासाठी झालेला १९६३ चा मोफा कायदा ही सारी वाढ भाड्याच्या बाजाराच्या या आक्रसण्याशी जोडलेली आहे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने त्यात भर घातली: मुंबईत पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन खासगी मालकाकडे राहू नये, असा त्याचा दंडक होता, पण जमीन गरिबांच्या घरांसाठी शासनाकडे येण्याऐवजी सूट मिळवण्यात आणि दाव्यांत अडकली. केंद्राने तो १९९९ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये.

दुसरा मोठा निर्बंध उंचीचा, अचूक बोलायचे तर चटई क्षेत्र निर्देशांकाचा. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम सर्व मजले मिळून करता येईल, ते हा आकडा सांगतो. व्यवहारात त्याला एफएसआय म्हणतात. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १.३३ असेल तर एकूण १,३३० चौरस मीटर बांधता येते, म्हणजे अर्ध्या भूखंडावर इमारत उभी केली तर तीन मजलेदेखील पूर्ण होत नाहीत. १९६० च्या दशकात आखलेल्या नरिमन पॉइंटला साडेचारचा निर्देशांक होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मात्र मुंबई बेटासाठी १.३३ आणि उपनगरांतील बहुतेक भागासाठी १ असा सरसकट मूळ आकडा ठेवला गेला. पाणी, मलनिस्सारण आणि रस्ते यांवरचा ताण मर्यादित ठेवावा, शहरात येणारी माणसे थोपवावीत, हा त्यामागचा विचार होता. माणसे थांबली नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जागा आक्रसली. रोजगार देणाऱ्या शहरात मजल्यांवर मर्यादा घातली की वस्ती घटत नाही, ती एका खोलीत अधिक दाटते किंवा नाल्याच्या कडेला सरकते, हे मुंबईने पुरते सिद्ध केले आहे.

नियमाचा शब्द इमारतीचा आकार कसा घडवतो, हे पाहण्यासाठी १९९० ते २०१० च्या दरम्यान बांधलेली उपनगरातील कोणतीही इमारत न्याहाळावी. खिडकीखाली बाहेर काढलेली 'फ्लॉवर बेड', म्हणजे झाडे लावण्याची कुंडीवजा पट्टी, शोभेचे सज्जे, कोनाडे, मोकळी पोकळी असे भाग तेव्हा निर्देशांकात मोजले जात नसत. त्यामुळे नकाशांत अशा पट्ट्या ऐसपैस दिसू लागल्या, विकासकाने त्यांचे पैसे ग्राहकाकडून घेतले आणि ताबा मिळताच ग्राहकाने मधली भिंत पाडून ती पट्टी दिवाणखान्यात सामावून घेतली. एकही मोगरा न लागलेल्या या फुलझाडांच्या पट्ट्यांवर कोट्यवधींचे व्यवहार झाले, आणि कोणत्या पट्टीला मान्यता द्यायची हे आयुक्तांच्या विवेकाधिकारावर राहिल्याने गैरव्यवहाराला वाव मिळाला. जानेवारी २०१२ मध्ये पालिका आयुक्त सुबोध कुमार यांच्या कारकिर्दीत हे सारे भाग निर्देशांकात मोजायचे ठरले आणि त्याची भरपाई म्हणून 'फंजिबल' म्हणजे हवे तसे वापरता येणारे जादा क्षेत्र, घरांसाठी पस्तीस टक्के आणि व्यापारी वापरासाठी वीस टक्के, अधिमूल्य भरून घेण्याची मुभा मिळाली. पळवाट बुजली ही सुधारणा खरीच होती; पण तिच्याबरोबर एक नवे तत्त्व रुळले, ते असे की नियमाची मर्यादा पैसे भरून ओलांडता येते.

या तत्त्वावर आज मुंबईचे बांधकाम चालते. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०३४ नुसार रस्ता जितका रुंद तितका अनुज्ञेय निर्देशांक अधिक, आणि तो तीन थरांत मिळतो: भूखंडाबरोबर फुकट येणारा मूळ भाग, शासन व पालिका यांना अधिमूल्य देऊन घ्यायचा भाग, आणि हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे रस्त्यासाठी वा मैदानासाठी जमीन सोडून देणाऱ्याला पैशाऐवजी मिळणारे, बाजारात विकता येणारे बांधकामाचे प्रमाणपत्र. जिन्याचे आणि लिफ्टचे क्षेत्र निर्देशांकाबाहेर ठेवायचे तर अधिमूल्य, इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा कमी ठेवायची तर अधिमूल्य, अशी ही यादी लांबते. ही अधिमूल्ये रेडी रेकनरशी, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी शासन दरवर्षी जाहीर करते त्या जमीनदरांशी, जोडलेली आहेत. परिणामी जमिनीचे भाव चढले की शासनाचे आणि पालिकेचे उत्पन्न चढते, आणि उतरले की घटते. मोकळी जागा सोडण्याचा नियम हवा आणि उजेड यांसाठी आवश्यक असेल तर तो पैशाने शिथिल होऊ नये, आणि आवश्यक नसेल तर त्याच्यासाठी पैसे घेऊ नयेत. आताच्या पद्धतीत नियंत्रक हाच टंचाईचा विक्रेता झाला आहे आणि टंचाई दूर करण्यात त्याचे आर्थिक हित उरलेले नाही.

पालिका या उत्पन्नाकडे वळली याला व्यापारावरील कराचा इतिहासही कारणीभूत आहे. दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि मानखुर्द येथील नाक्यांवर शहरात येणाऱ्या मालावर घेतली जाणारी जकात हा मुंबई महापालिकेचा मोठा आधार होता. मालवाहू गाड्यांच्या रांगा, कागदपत्रांची तपासणी आणि वाटेतली चिरीमिरी यांना कंटाळलेल्या व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेरच उतरवायला सुरुवात केली, आणि भिवंडीच्या आसपासची भातशेती गोदामांखाली गेली त्यामागे स्वस्त जमीन व महामार्ग यांच्याबरोबर ही जकातही होती. सिमेंट आणि सळ्यांवरची जकात अर्थातच घराच्या किमतीत मिसळत होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, आणि पालिकेला राज्याकडून भरपाई मिळू लागली. मात्र स्वतःच्या अखत्यारीतील उत्पन्न म्हणून मालमत्ता कर आणि विकास अधिमूल्ये हीच मुख्यतः हाती राहिली.

वस्तू व सेवा कराने घरबांधणीपुढे वेगळाच हिशोब मांडला. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर पाच टक्के आणि परवडणाऱ्या घरावर एक टक्का असा दर आहे, मात्र विकासकाने सिमेंट, लोखंड, लिफ्ट यांवर आधीच भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. दर कमी दिसतो, पण वजावट नसलेला तो कर खर्चात मुरतो आणि ग्राहकाच्या पावतीवर कुठेही उमटत नाही. शिवाय 'परवडणारे' म्हणजे महानगरात साठ चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि पंचेचाळीस लाखांपर्यंत किंमत, या दोन्ही अटी एकदम पाळणारे घर. बेटावर असे नवे घर मिळणे दुरापास्त असल्याने एक टक्क्याची सवलत खोपोली, नेरळ, पालघरच्या दिशेने जाते. करसवलत जिथे लागू पडते तिथे वस्ती सरकते आणि तिच्यामागे लोकलचा दोन तासांचा प्रवास येतो.

कराचा परिणाम किती त्वरेने होतो, याची चाचणी महासाथीच्या वर्षात झाली. सप्टेंबर २०२० पासून मुंबईतील मुद्रांक शुल्क पाचवरून दोन टक्क्यांवर आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये तीन टक्क्यांवर आणताच दस्तनोंदणी कार्यालयांत गर्दी उसळली आणि डिसेंबरमध्ये नोंदणीचा विक्रम झाला. पाठोपाठ जानेवारी २०२१ मध्ये राज्याने, दीपक पारेख समितीच्या शिफारशींचा आधार घेत, बांधकामावरील अधिमूल्ये वर्षअखेरपर्यंत निम्मी केली आणि लाभ घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरावे अशी अट घातली. प्रस्तावांचा ओघ लागला. यातून विकासकांचा फायदाच झाला असे म्हणणाऱ्यांचा आक्षेप अगदी निराधार नाही, कारण वर्षभराच्या सवलतीने मुख्यतः पुढचे प्रस्ताव अलीकडे ओढले जातात. तरीही अधिमूल्यांचा बोजा बांधकाम रोखून धरतो, हे शासनानेच त्या निर्णयाने मान्य केले. एप्रिल २०२२ पासून मुंबईत एक टक्का मेट्रो अधिभार जोडला गेला आणि मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांवर पोहोचले.

त्याच वर्षाच्या आरंभी पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. लहान घरातल्या कुटुंबांना त्याचा दिलासा मिळाला, यात शंका नाही. परंतु आधीच शहरात असलेल्यांकडून दरवर्षी थोडा थोडा येणारा पैसा त्या प्रमाणात घटला, आणि रस्ते, पाणी व रुग्णालये यांचा खर्च नव्या बांधकामाच्या एकरकमी अधिमूल्यांवर अधिक कलला. ती रक्कम विकासक काम सुरू करण्यापूर्वी कर्ज काढून भरतो, तिचे व्याज सदनिकेच्या दरात मिळवतो, आणि पहिलेच घर घेणारे तरुण जोडपे तीच रक्कम पुन्हा गृहकर्जात बसवून वीस वर्षे हप्त्यांनी फेडते.